खांबावरचा हात

४ सप्टेंबर

दादा,

चौथा गोल झाला आणि कोणी उठलं नाही. त्या क्षणी माझं सगळं बदललं.

आपल्यावर झाला, चौथा. नव्या गॅलरीतला पहिलाच सामना आणि आपण चार-शून्यने मागे. तुला आठवत असेल, जुन्या गॅलरीत आपल्यावर दुसरा गोल बसला की माणसं कपडे झटकत उठायची, शिव्या घालत जिन्याकडे वळायची. मी त्यांच्याकडे बघून म्हणायचो, बघा, आपल्या लोकांना खेळ कळतो, वाईट खेळ त्यांच्याने बघवत नाही. काल मी त्यांच्या उठण्याची वाट बघत होतो. दुसऱ्या गोलाला म्हटलं आता. तिसऱ्याला तर मी स्वतःच अर्धा उठलो. पण छपराखाली, निळ्या खुर्च्यांना पाठ टेकून, सगळे सासुरवाडीला आल्यासारखे निवांत बसले होते. चौथ्याला माझ्या शेजारच्या बाईंनी मुलाला विचारलं, हा आपला की त्यांचा? उत्तर ऐकून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि पाय पसरले.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागद. बंद पाकीट दिसलं की तुला उघडल्याशिवाय राहवत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या निकालाची पाकिटंसुद्धा माझ्याआधी तूच फोडायचास. पत्ता तुझ्या क्लबचा घातलाय.

तुला विकायचं आणि आलेल्या पैशातून गॅलरी बांधायची, असं ठरलं तेव्हा मी चौकात स्टुलावर उभा राहून ओरडलो होतो की पाचर गेला की मैदानात कुत्रं फिरकणार नाही. माणसं छप्पर बघायला येत नाहीत, खेळ बघायला येतात. त्या ओरडण्यात माझं कॉलेज गेलं. परीक्षा चालू होती आणि मी दारोदार सह्या गोळा करत फिरत होतो. आणि काल काय बघितलं? ज्या भोंग्याने तुझं नाव पाचर ठेवलं, दोन बचावपटूंच्या मधे ठोकल्यासारखा घुसतो म्हणून, ज्याचा आवाज पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत जायचा, तो भोंगाही काल मांडीवर रुमाल पसरून बसला होता. तुझं नाव एकदाही घेतलं नाही त्याने.

घरी आल्यावर जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "शेवटपर्यंत बसले होते." जणू आपण जिंकलो. मी ताटावरून उठलो.

तुला विकायच्या बैठकीत एक मत कमी पडत होतं आणि ते चिटणीसांनी, आपल्या बाबांनी, दिलं. स्वतःच्या मुलाला विकायला हात वर केला. तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस, ते आजवर उंबरा चढला नाहीस. मी तुझ्या बाजूने आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता कामाचं ऐक. चषकाची सोडत निघाली. नोव्हेंबरच्या मध्याला तुझा संघ आपल्या मैदानावर येतोय. गोल तू करणारच. केलास की कॉर्नरच्या झेंड्याकडे पळू नकोस, सरळ गॅलरीसमोर ये. बाबांची खुर्ची पहिल्या रांगेत आहे, मधल्या वाटेला लागून. त्यांच्यासमोर उभा राहा आणि सावकाश तीन टाळ्या वाजव. तू इथे एवढे गोल केलेस, सगळी गॅलरी उड्या मारायची, आणि आपले वडील खांबाला हात लावून उभे, दगडासारखे. एक टाळी नाही. नोकरीभर पूल तपासत फिरले, म्हणून त्यांना माणसांपेक्षा खांब जवळचे वाटतात, असं तूच हसून म्हणायचास. हसायचास, पण एकदा मोजे काढताना तुझी मान खाली होती ती मी बघितलीय. त्या टाळ्या त्यांना परत कर. भरल्या मैदानात.

मैदान भरलेलं असेल. खुर्च्यांसाठी का होईना.

तुझा,
पाचरचा भाऊ (माझी ओळख इथे अजून तेवढीच आहे)


२१ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. 'येतोय. टाळ्या वाजवीन.' एवढ्यासाठी पाकीट, तिकीट आणि पोस्टमनचे पाय झिजवलेस. तरी मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय.

आईने पाकिटावरचं अक्षर ओळखलं. काय म्हणतो, विचारलं. मी म्हटलं, बरा आहे, गुडघाही बरा आहे. तिने पुढे विचारलं, आमचं काही विचारलंय का. मी हो म्हणालो. तिने लगेच पाठ फिरवली आणि नळ सोडला, म्हणजे तिने ओळखलं.

या सगळ्या खुर्च्यांच्या मुळाशी कोण आहे ते तुला सांगायला हवं. ठेकेदाराची इंजिनिअर. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेल. जुनी गॅलरी पाडल्यापासून नवीचा शेवटचा रंग होईपर्यंत ती इथेच आहे. मी तिला खुर्चीवाली म्हणतो. आई म्हणते, दर जेवणाला खुर्चीवालीचं नाव निघतं, एकदा तिला जेवायलाच बोलाव म्हणजे नाव काढायचं कारण उरणार नाही.

तिच्याशी माझं रोज वाजतं. तिचं म्हणणं, माणूस खेळासाठी एकदा येतो आणि परत यायचं की नाही ते दुसऱ्याच गोष्टींवर ठरवतो. ऊन कुठे लागलं, पाठ कशी दुखली, बरोबरच्या बाईला मधेच घरी का जावं लागलं. मी म्हटलं, मग ते बघायला येत नाहीत, बसायला येतात. ती म्हणाली, बसल्याशिवाय बघणार कसे? मी म्हटलं, आम्ही उभ्याने बघितलंय, उड्या मारत बघितलंय. तेव्हा तिचा चेहरा पडला. उड्यांचा विषय निघाला की तिचं असंच होतं.

त्याला कारण आहे. जुनी गॅलरी पाडायला घेतली त्या दिवशी मी डोक्यात राख घालून वरच्या पायरीवर चढलो होतो. खाली यंत्रं उभी, मजूर उभे, बाबा उभे. मी ओरडून सांगितलं की ही गॅलरी ठणठणीत आहे, तुम्हाला नुसतं पाडायचं निमित्त हवंय, आणि ते दाखवायला तिथेच उड्या मारायला लागलो. ती वर धावत आली. शेवटच्या पायऱ्या तर हातांनी चढली. माझी कॉलर धरून तिने मला खाली आणलं. केसांवर सिमेंटची धूळ, आणि खाली आल्यावरही तिने कॉलर सोडली नाही. मला वाटलं, काय राग आहे हिचा. तेव्हापासून मजूर मला उडीवाला म्हणतात. तीही म्हणते.

आणि तेव्हापासून माझंही काही खरं नाही. हे वाक्य वाचलं नाहीस असं समज.

तुझा भाऊ


९ ऑक्टोबर

दादा,

एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं. त्या निळ्या खुर्च्या मी बसवल्यात.

कॉलेज नव्हतं, तू नव्हतास, घरात बाबांशी बोलणं नव्हतं. मी रोज मैदानावर जाऊन कठड्यावर बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायचो. एक दिवस तिने माझ्या हातात पाना दिला. म्हणाली, रोज येतोसच तर बोल्ट पिळ, तोंड आपोआप बंद राहील. राहिलं. मधल्या वाटेच्या डाव्या अंगाच्या सगळ्या रांगा माझ्या हातच्या आहेत. आता तू मला फितूर म्हण. मी स्वतःला म्हणून झालंय.

तिची कामाची एक पद्धत होती. खुर्ची पक्की करण्याआधी ती स्वतः तिथे बसायची, जवळच्या कॉर्नरचा झेंडा दिसतो का बघायची, आणि मग मला बसवायची, कारण मी बुटका. मला दिसला तर सगळ्यांना दिसेल. मी एकदा चिडून विचारलं, जुन्या गॅलरीतून काय दिसत नव्हतं? ती म्हणाली, वरच्या अर्ध्या पायऱ्यांवरून जवळचा गोल दिसतच नव्हता, पुढच्यांचा आवाज ऐकून मागचे ओरडायचे. तुझे अर्धे गोल लोकांनी ऐकलेत, दादा. बघितलेले नाहीत.

मला ते पटेना, म्हणून मी भोंग्याला गाठलं. त्याने शांतपणे सांगितलं की खरं आहे, मी वर असायचो, मला कुठे दिसायचं. आणि दुसऱ्या गोलाला उठायचात ते? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू हा पोरगा अजून कच्चाच आहे. म्हणाला, "अरे, रागाने कोण उठतंय? जिना एकच होता. शेवटपर्यंत थांबलं की चेंगरायला व्हायचं. हरणारच आहोत म्हटल्यावर आधी सुटायचं." इतकी वर्षं मी ज्याला खेळाची जाण समजत होतो, ती जिन्याची भीती होती.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पुढचं नीट वाच.

काल तिच्या शेडमधे बसलो होतो. बोलता बोलता मी बाबांची नक्कल केली. सगळे नाचतायत आणि हे महाशय खांबाला हात लावून उभे. तिने विचारलं, कुठला खांब? मी म्हटलं, जिन्याजवळून तिसरा. ती उठली. मग मागच्या फळीवरून तिने चुन्याचा एक गोळा काढला. त्यात काचेची पट्टी रुतलेली, मधोमध तडकलेली.

तिने समजावलं ते असं. खांबाला फट गेली आणि ती वाढतेय का हे कळायला हवं असेल तर फटीवर आडवी काच चिकटवतात. फट थोडी जरी हलली तरी काच तडकते. पाडण्याआधी तपासणी करताना त्या तिसऱ्या खांबावर तिला अशा काचा एकाखाली एक सापडल्या होत्या. प्रत्येक तडकलेली आणि प्रत्येकीच्या खाली नवी. आत लोखंड पार खाऊन गेलं होतं. म्हणून ती त्या दिवशी हातांनी पायऱ्या चढत आली होती. तो राग नव्हता.

"कोणीतरी तडकली की नवी लावत होतं," ती म्हणाली. "म्हणजे कोणालातरी माहीत होतं. कोणाला, ते मला कधी कळलं नाही."

मी म्हटलं, मला काय माहीत. पण मी तो गोळा उजेडात धरला होता, दादा. काचेवर बारीक कोरलेली वेल आहे. आईच्या शोकेसच्या डाव्या दारावर आहे तीच. उजव्या दाराची काच मी चेंडू मारून फोडली, असं घरात सगळे धरून चालतात. मी तेव्हाच ओरडून सांगत होतो की मी फोडली नाही.

टाळ्यांचं जरा थांब. मी बाबांशी बोलतो आणि कळवतो.

तुझा भाऊ


२३ ऑक्टोबर

दादा,

रविवारी सकाळी बाबा बूट पॉलिश करत बसले होते. मी विचारलं, शोकेसची काच कोणी फोडली? ते मान वर न करता म्हणाले, तूच की. मी तो गोळा त्यांच्या पॉलिशच्या डबीशेजारी ठेवला.

ब्रश काही वेळ तसाच चालू राहिला. मग त्यांनी सांगितलं. तुझ्या शेवटच्या मोसमाच्या सुरुवातीला त्यांना ती फट दिसली, केसाएवढी. त्यांनी काच लावली. पुढच्या सामन्यात तू गोल केलास, गॅलरी उडाली, काच तडकली. त्यांनी दुसरी लावली. बाजारातून काच आणली असती तर कोणीतरी विचारलं असतं कशाला, म्हणून घरातलीच कापली.

मी विचारलं, कोणाला सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात मैदानाला कुलूप लागलं असतं. त्या वर्षी मोठ्या क्लबची माणसं त्याला बघायला येत होती. सामने नाहीत तर तो दिसणार कोणाला?"

"आणि गॅलरी बसली असती तर?"

"म्हणून तर हात काढला नाही."

"हाताने थांबणार होती का ती, बाबा?"

"नाही," ते म्हणाले. "आधी कळलं असतं. ओरडून सांगण्यापुरतं तरी. असं मी स्वतःला सांगायचो."

मग ब्रश ठेवून दिला. एक बूट चकचकीत आणि एक तसाच. ते जे पुढे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहितो.

"तो चेंडू घेऊन आत शिरला की सगळं मैदान उभं राहायचं. आणि मी मनात म्हणायचो, चुकव रे, बाळा. एवढा एक चुकव."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केव्हापासून ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "मीसुद्धा तिथेच बसायचे की."

"तुला मी जिन्याजवळची जागा दिली होती," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं असेल की हे ऐकून तिला बरं वाटेल.

आई आत गेली. तेव्हापासून ती त्यांना वाढते, कपडे ठेवते, बोलत नाही. तिला ती जागा किती आवडायची, आठवतं? चिटणीसांची बायको म्हणून मान आहे, असं मैत्रिणींना सांगायची.

तुला विकायचं मत त्यांनी का दिलं, तेही मी विचारलं. ते म्हणाले, तू इथे राहिलास तर लोक येत राहणार, उड्या मारत राहणार, आणि गॅलरी बांधायला पैसे मात्र कधीच जमणार नाहीत. तू गेलास तर दोन्ही सुटतं. एवढा सरळ हिशेब, आणि तो त्यांनी कोणालाही सांगितला नाही. तुला तर नाहीच सांगायचा, असं मलाही बजावलंय. म्हणाले, त्याने जे आनंदाने केलं ते त्याच्यापुरतं आनंदाचंच राहू दे.

मी त्यांचं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर तू येऊन तीन टाळ्या वाजवल्या असत्यास, आणि ती आग मीच लावलीय.

आता माझं काय होतंय ते ऐक. कधी वाटतं, बापाने केवढं सोसलं. आणि लगेच वाटतं, केवढ्या माणसांना त्या पायऱ्यांवर उभं केलं. त्यात मी होतो, भोंगा होता, भोंग्याची नातवंडं होती. मला त्यांच्या पाया पडावंसंही वाटतं आणि त्यांची गचांडीही धरावीशी वाटते, आणि दोन्हींसाठी हात पुढे जात नाही.

पण टाळ्या नको, दादा. एका ओळीत लिही, नाही वाजवत म्हणून.

तुझा भाऊ


६ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन मला लांबून बघूनच मान हलवतो.

खुर्चीवालीला मी सांगून टाकलं. तिच्याशी खोटं बोलून तिच्याच शेजारी बसणं मला जमेना. मला वाटलं होतं, निदान ती समजून घेईल की बापाचं काळीज होतं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुझ्या आईला जिन्याजवळ बसवलं. बाकीच्यांच्या आयांना कुठे बसवलं होतं?"

कोंडीत सापडलो की माझं काय होतं ते तू जाणतोस. मी ओरडलो. म्हटलं, तुला खुर्च्यांपलीकडे काही दिसत नाही, तुला पाचर दिसला नाही कधी, तो शिरायचा तेव्हा अंगावर काय काटा यायचा ते तुला माहीत नाही. ती अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "तुम्हा लोकांना खेळ चांगला असला की डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, काही दिसत नाही. तुझे वडील एकटे होते ज्यांना दिसत होतं. आणि तेच गप्प बसले."

मी रागात एका खुर्चीला लाथ घातली. ती तुटली. माझ्याच हातची होती, मीच दुसऱ्या दिवशी बदलली. ती बाजूला उभी राहून बघत होती, पाना पुढे करायलाही आली नाही.

तिचं ते वाक्य मी घरी येऊन बाबांना ऐकवलं. शब्द न् शब्द. मला त्यांना लागावंसं वाटत होतं आणि ते लागलं. सकाळी ते मैदानावर तिच्या शेडमधे गेले. आत काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. बाबा बाहेर आले ते नव्या गॅलरीच्या खालून, मागच्या बाजूने. आणि दादा, चालता चालता ते प्रत्येक खांबाला हात लावत होते. सामना नसताना. गॅलरी रिकामी असताना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चौथा गोल झाला त्या दिवशीही ते त्यांच्या खुर्चीवर नव्हते. पहिल्या रांगेतली ती खुर्ची मीच बसवलीय, तिचा रंगसुद्धा घासला गेलेला नाही. ते सबंध सामना खाली उभे होते, वरच्या माणसांचं वजन ऐकत. तिथून मैदान दिसत नाही. शेवटपर्यंत बसले होते, असं ते म्हणाले होते ना, ते त्यांनी खालून ऐकलेलं होतं. तू ज्याच्यासमोर येऊन टाळ्या वाजवणार होतास, ती खुर्ची रिकामीच असती.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं की सभासदांची बैठक बोलावलीय, चषकाच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळं सांगणार आणि चिटणीसपद सोडणार. मी म्हटलं, उद्याच का नाही? नवी गॅलरी भक्कम आहे, थांबायचं कारण काय? ते माझी नजर चुकवून म्हणाले, "मला त्याला एकदा खेळताना बघू दे. मग जे म्हणतील ते."

मी हे खुर्चीवालीला सांगितलं तर ती म्हणाली, परत तेच. परत मुलासाठी थांबले. तिचं खरं आहे. पण मी यावेळी भांडलो नाही.

तिचं इथलं काम संपलंय. सामन्याच्या दिवशी ती जाणार. दुसऱ्या गावात दुसरी गॅलरी. मला तिला थांब म्हणायचंय, पण कशासाठी थांब म्हणू? माझ्याकडे एक पाना आहे, तोही तिचाच.

लिही रे काहीतरी.

तुझा भाऊ


१६ नोव्हेंबर, दुपार

दादा,

तुमची बस आली. मी फाटकाशी उभा होतो, तू उतरलास, कानात वायरी, नजर जमिनीवर. मला बघितलंस की नाही, कळलं नाही. आत सोडत नाहीत, म्हणून धावत घरी येऊन हे लिहितोय. तुमच्या ड्रायव्हरशी बोलून आलोय. तो म्हणाला, पाकीट असेल तर देतो, तोंडी निरोप माझ्या लक्षात राहत नाहीत.

सगळी तिकिटं संपली आहेत. भोंगा सांगत फिरतोय की हे सगळे पाचरसाठी. पानवाला म्हणतो, ऊन लागत नाही म्हणून. मी आता कोणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलंय की खेळ बघायचा तर पायाखालचं विसरता यायला हवं, आणि बाबांना ते एकदाही विसरता आलं नाही. तुझा बाप तुझ्या प्रत्येक सामन्याला होता, आणि त्याने तुझा एकही सामना बघितलेला नाही. आज बघायला येतोय. बाबा खुर्चीवर बसणार आहेत. सकाळपासून तीनदा विचारून झालंय की खुर्ची हलत नाही ना. मी सांगितलं, बोल्ट मी पिळलाय.

आई पण येतेय, त्यांच्या शेजारी नाही. तिने जागा मागून घेतली, जिन्यापासून सगळ्यात लांबची, ऐन मधली. का, ते मी विचारलं नाही, बाबांनीही नाही.

खुर्चीवालीची बॅग शेडच्या दारात बांधून ठेवलेली आहे. मी सकाळी गेलो, पाना परत केला आणि विचारलं, सामना बघून जाशील का? तिने पाना घेतला, पुसला, मग म्हणाली, "बघू. खेळ चांगला असला तर थांबेन." हसली नाही, पण बॅग तिने दारातून उचलून आत ठेवली. यावर मी किती उड्या मारायच्या ते मला ठरवता येत नाहीये.

आता तुझं. टाळ्या नको, असं मी पुन्हा लिहिणार नाही. मला तुला सांगायचा हक्क राहिलेला नाही. पेटवायलाही मी आणि विझवायलाही मी, असं किती वेळ चालायचं. शिवाय तुझी जखम माझ्या पत्रांनी भरेल, असंही नाही. त्यांनी तुला विकलं ते खरंच आहे. लोकांना धोक्यात ठेवलं तेही खरं आहे, आणि उद्या ते हे सगळ्यांसमोर बोलतील तेव्हा लोक काय करतील ते मला माहीत नाही. ज्यांनी आजवर त्यांना वाकून नमस्कार केला ते थुंकतीलही. मी त्यांच्या शेजारी उभा राहणार आहे. ते बरोबर होते म्हणून नाही. त्यांच्या बाजूला कोणीतरी असावं म्हणून.

तू गोल केलास तर लोक उठतील. तू परक्यांचा असलास तरी उठतील, मला खात्री आहे, आणि उड्या मारतील, आणि काही हलणार नाही. तेव्हा पहिल्या रांगेत बघ. त्यांच्या चेहऱ्याकडे नको, तो तुला माहीत आहे. हातांकडे बघ. शेजारी खांब नाही. बुटांना आज दोन्ही पायांत सारखं पॉलिश आहे आणि हात मात्र सकाळपासून कधी खिशात, कधी पाठीमागे. त्यांचं काय करायचं ते त्यांना सुचत नाहीये. तेवढं बघ, आणि मग तुझ्या हातांचं काय करायचं ते तू ठरव.

आई-बाबा पुढे निघाले. बाबा घराच्या फाटकाच्या खांबाशी थांबलेत, माझ्यासाठी. ही सगळी पत्रं मी तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलावर लिहिली. तू गेल्यापासून आईने या खोलीचं दार सताड उघडं ठेवलंय, रोज झाडते, पलंगावर चादर घालते, दाराला कोणाला हात लावू देत नाही. आज जाताना मी ते ओढून घेतोय, कडी लागेपर्यंत.

बंद असलेलं काही दिसलं की तुला उघडल्याशिवाय राहवत नाही.